वाचकांचे प्रश्न : ओएलईडी उजळावी आणि टिकावीही

मोबाइलपासून टीव्हीपर्यंत पोहोचलेल्या ओएलईडीविषयी, म्हणजे सेंद्रिय रेणूंपासून प्रकाश देणाऱ्या साधनांविषयी, वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे या वेळी देत आहोत. निम्मे प्रश्न प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांचे आहेत, म्हणून आकडे आणि कृती हात न आखडता दिल्या आहेत.

प्रश्न : माझ्या दोन वर्षांच्या फोनवर कीबोर्डची आणि वरच्या पट्टीची फिकट पिवळसर छाप कायमची उमटली आहे. दुरुस्तीवाला म्हणतो, पडदाच बदलावा लागेल. असे का होते आणि टाळता येते का? (एक वाचक, नाशिक)

ही छाप म्हणजे पडद्याची असमान झीज. ओएलईडीच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये सेंद्रिय रेणूंचे पाच-सात थर असतात. सगळे मिळून जाडी साधारण १०० ते २०० नॅनोमीटर. एका बाजूने इलेक्ट्रॉन येतात, दुसऱ्या बाजूने होल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा. मधल्या थरातल्या एखाद्या रेणूवर दोघांची गाठ पडली की तो रेणू उत्तेजित होतो. या अवस्थेला एक्सायटॉन म्हणतात आणि ती शमताना प्रकाश बाहेर पडतो. बहुतेक वेळा रेणू पुन्हा पूर्ववत होतो, पण क्वचित एखादा मोडतो. मोडलेला रेणू प्रकाश देत नाहीच, शिवाय शेजारच्या चांगल्या रेणूंची ऊर्जाही गिळतो.

कीबोर्ड आणि वरची पट्टी रोज त्याच जागी, बहुधा पांढऱ्या पार्श्वभूमीवर, तासन्‌तास दिसतात. तिथले पिक्सेल जास्त झिजतात. त्यातही निळे उपपिक्सेल सर्वांत आधी मंदावतात, म्हणून छाप पिवळसर दिसते. एकदा झालेली झीज भरून येत नाही. 'छाप पुसणारी' म्हणून मिळणारी ॲप्स फार तर बाकीचा पडदाही तितकाच झिजवतात, त्यांच्या नादी लागू नका.

टाळण्यासाठी सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे प्रखरता कमी ठेवणे. प्रखरता ७० टक्क्यांवर आणली तर आयुष्य साधारण १.८ पट होते. त्याचा हिशेब पुढे एका उत्तरात दिला आहे. काळ्या पार्श्वभूमीची मांडणी वापरली तर काळे पिक्सेल पूर्ण बंदच राहतात. आणि भर उन्हात पूर्ण प्रखरतेवर नकाशा लावून फोन तासभर डॅशबोर्डवर ठेवू नका, कारण उष्णता आणि जादा विद्युतप्रवाह दोन्ही एकदम मारा करतात.

प्रश्न : हिरव्या आणि लाल रंगासाठी फॉस्फोरेसंट पदार्थ वापरतात, पण निळ्यासाठी बहुतेक फोनमध्ये अजून फ्लुओरेसंटच का? इतक्या वर्षांत टिकाऊ निळा का सापडला नाही? (एमएस्सी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, पुणे)

या क्षेत्रातला सर्वांत मोलाचा प्रश्न हाच आहे, म्हणून थोडे मुळापासून पाहू.

१९८७ मध्ये ईस्टमन कोडॅकच्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅनस्लाइक यांनी दोन सेंद्रिय थरांची ओएलईडी दाखवली. ती १० व्होल्टपेक्षा कमी दाबावर चालत होती, पण १०० इलेक्ट्रॉनमागे बाहेर येणारा फोटॉन जेमतेम एक. इलेक्ट्रॉन आणि होल एकत्र येतात तेव्हा स्पिनच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या फिरकीच्या, नियमाने एक्सायटॉनचे दोन प्रकार होतात : २५ टक्के सिंगलेट आणि ७५ टक्के ट्रिपलेट. साध्या फ्लुओरेसंट रेणूत ट्रिपलेट प्रकाश न देता विझतात, म्हणजे तीन चतुर्थांश माल वाया. १९९८-९९ मध्ये अमेरिकेतील स्टीफन फॉरेस्ट आणि मार्क थॉम्पसन यांच्या गटांनी प्लॅटिनम आणि इरिडियमची संयुगे वापरून ट्रिपलेटकडूनही प्रकाश मिळवला. जड धातूमुळे ट्रिपलेटला एरवी निषिद्ध असलेली प्रकाश देण्याची वाट मोकळी होते आणि सर्व १०० टक्के एक्सायटॉन उपयोगी पडतात.

आता टिकाऊपणा. एक सूत्र धरून चला : एक्सायटॉन जितका कमी वेळ थांबेल, जितका विरळ असेल आणि त्याची ऊर्जा जितकी कमी असेल, तितके साधन टिकते. हिरव्या-लाल रंगांत पहिल्या दोन गोष्टी सांभाळल्या की भागते. निळ्यात तिसरी आपल्या हातात नाही, कारण ती रंगच ठरवतो. ४६० नॅनोमीटरच्या निळ्या फोटॉनची ऊर्जा २.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट. फॉस्फोरेसंट निळ्यात ही ऊर्जा ट्रिपलेटवर साठते आणि ट्रिपलेट मायक्रोसेकंदभर थांबतो. फ्लुओरेसन्समध्ये हाच काळ नॅनोसेकंदांचा, म्हणजे शेकडो पटींनी कमी. त्या मायक्रोसेकंदात दुसरा ट्रिपलेट किंवा एखादा भारित रेणू शेजारी आला तर दोघांची ऊर्जा एकावर एकवटते. २.७ अधिक २.७ म्हणजे ५.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट. कार्बन-नायट्रोजन किंवा कार्बन-कार्बन एकेरी बंध साधारण ३ ते ४.५ इलेक्ट्रॉनव्होल्टला तुटतात, आणि रेणूवर ऋणभार असेल तर त्यातले काही याहून बरेच कमकुवत होतात. म्हणून निळ्या थरात रेणू मोडणे हा अपघात राहत नाही, ती रोजची रासायनिक अभिक्रिया होते.

मग फोनमधला निळा का टिकतो? तिथे होस्ट म्हणून, म्हणजे उत्सर्जक रेणू ज्यात मिसळतात तो मुख्य पदार्थ म्हणून, अँथ्रासीनवर आधारित रेणू वापरतात. त्यांचा सिंगलेट निळ्या ऊर्जेचा असला तरी ट्रिपलेट अगदी खाली, सुमारे १.७ ते १.८ इलेक्ट्रॉनव्होल्टवर असतो. तिथे साठलेली ऊर्जा बंध तोडायला पुरत नाही. वर असे दोन ट्रिपलेट भिडले तर एक नवा सिंगलेट तयार होतो, त्यामुळे २५ टक्क्यांत सिद्धांताने आणखी ३७.५ टक्के मिळवता येतात. कमाल ६२.५ टक्के. फॉस्फोरेसंट निळ्याच्या १०० टक्क्यांपेक्षा हे कमी आहे, पण आयुष्यात फॉस्फोरेसंट निळ्याला या फ्लुओरेसंट निळ्याची बरोबरी करणे अजूनही कठीण जाते.

कार्यक्षमता न सोडता टिकाऊपणा आणण्याचे चार मार्ग सध्या खरे काम देत आहेत.

पहिला, ट्रिपलेट लवकर रिकामा करणे. २०१२ मध्ये जपानच्या क्यूशू विद्यापीठात अदाची यांच्या गटाने टीएडीएफ (उष्णतेने चालना मिळणारा विलंबित फ्लुओरेसन्स) पद्धतीचे कार्यक्षम रेणू दाखवले. त्यात सिंगलेट आणि ट्रिपलेट यांतले अंतर ०.१ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास आणतात, म्हणजे खोलीच्या तापमानालाच ट्रिपलेट उलटा सिंगलेटमध्ये चढतो. धातू लागत नाही. मात्र अनेक टीएडीएफ रेणूंत ही चढण काही ते दहा-वीस मायक्रोसेकंद घेते. हा काळ इरिडियमच्या संयुगांपेक्षा जास्त आहे, आणि म्हणूनच केवळ टीएडीएफ आहे एवढ्याने निळा टिकाऊ होत नाही. उत्तर म्हणून त्या थरात एखादा टक्का अरुंद वर्णपटाचा फ्लुओरेसंट रेणू मिसळतात. टीएडीएफ किंवा फॉस्फोरेसंट रेणू एक्सायटॉन गोळा करतो आणि लगेच त्याच्याकडे सोपवतो. बोरॉन-नायट्रोजनच्या ताठ चौकटीचे रेणू यासाठी उत्तम. जपानमधल्या हातकेयामा यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलेल्या अशा रेणूच्या वर्णपटाची रुंदी केवळ २८ नॅनोमीटर होती.

दुसरा मार्ग, गर्दी कमी करणे. एक्सायटॉन बहुधा थराच्या एका कडेला, पाच-दहा नॅनोमीटरच्या पट्ट्यात दाटतात. डोपंटचे, म्हणजे होस्टमध्ये मिसळलेल्या उत्सर्जक रेणूचे, प्रमाण एका टोकाला जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी असे उतरते ठेवले तर तो पट्टा रुंद होतो. मिशिगन विद्यापीठाच्या गटाने २०१४ मध्ये असा थर आणि दोन मजल्यांची रचना एकत्र वापरून निळ्या फॉस्फोरेसंट साधनाचे आयुष्य सुमारे १० पट वाढवले.

तिसरा, हीच मजल्यांची रचना. दोन साधने एकावर एक रचून मध्ये भारनिर्मितीचा थर दिला की तेवढाच प्रकाश निम्म्या प्रवाहात मिळतो. व्होल्टेज दुप्पट लागते, म्हणून विजेची थेट बचत फारशी नाही, पण आयुष्य तीन पटींहून अधिक होते. २०२४ च्या आयपॅड प्रोमध्ये हीच रचना आहे. एलजी डिस्प्लेने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या पॅनेलमध्ये तर एक मजला फ्लुओरेसंट निळा आणि दुसरा फॉस्फोरेसंट निळा अशी सांगड घातली आहे. शुद्ध फॉस्फोरेसंट निळ्याची वाट पाहत बसण्यापेक्षा ही तडजोड शहाणपणाची आहे.

चौथा मार्ग प्रकाश बाहेर काढण्याचा. सेंद्रिय थरांचा अपवर्तनांक १.७-१.८, काचेचा १.५, हवेचा १. त्यामुळे साध्या सपाट साधनातून फक्त २० टक्क्यांच्या आसपास प्रकाश बाहेर येतो, बाकीचा आतल्या आत फिरून शोषला जातो. लांबट, चपटे रेणू काचेला समांतर आडवे बसले तर हे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत जाते. बाहेर जास्त प्रकाश म्हणजे तेवढ्याच उजेडासाठी कमी प्रवाह, आणि कमी प्रवाह म्हणजे पुन्हा विरळ एक्सायटॉन.

प्रश्न : मी आकाशी-निळा टीएडीएफ रेणू तयार केला आहे. टोल्यूईनमध्ये ऑक्सिजन काढून क्वांटम यील्ड ८५ टक्के, ट्रिपलेट २.७५ इलेक्ट्रॉनव्होल्ट. पण आयटीओ/एनपीबी/सीबीपीमध्ये १० टक्के रेणू/टीपीबीआय/लिथियम फ्लुओराइड/ॲल्युमिनियम अशा साधनात बाह्य क्वांटम कार्यक्षमता फक्त २.३ टक्के येते. चूक कुठे असेल? (संशोधक विद्यार्थी, कोल्हापूर)

तुमचा रेणू बहुधा निर्दोष आहे, त्याचे शेजारी चुकले आहेत. (इतर वाचकांसाठी : आयटीओ म्हणजे इंडियम-टिन ऑक्साइडचा पारदर्शक इलेक्ट्रोड, एनपीबी होलवाहक, सीबीपी होस्ट आणि टीपीबीआय इलेक्ट्रॉनवाहक. क्वांटम यील्ड म्हणजे शोषलेल्या १०० फोटॉनमागे रेणू परत देतो ते फोटॉन, बाह्य क्वांटम कार्यक्षमता म्हणजे १०० इलेक्ट्रॉनमागे साधनाबाहेर येणारे फोटॉन.)

आधी कमाल किती यायला हवी ते पाहा. चार गोष्टींचा गुणाकार : भारांचा समतोल, उपयोगी एक्सायटॉनचा वाटा, थरातील क्वांटम यील्ड आणि बाहेर येणारा प्रकाश. सगळे जमले तर १ × १ × ०.८५ × ०.२ म्हणजे १७ टक्के. ट्रिपलेट अजिबात परत येत नसतील तर १ × ०.२५ × ०.८५ × ०.२ म्हणजे ४.२५ टक्के. तुमचा आकडा त्याहूनही खाली आहे, म्हणजे ट्रिपलेट तर वाया जात आहेतच, वर आणखी काही गळते आहे.

सीबीपीचा ट्रिपलेट सुमारे २.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि तुमच्या रेणूचा २.७५. ऊर्जा उताराला लागते आणि होस्टवर जाऊन विझते. एनपीबीचा ट्रिपलेट तर २.३ च्या आसपास आहे आणि तो उत्सर्जक थराला थेट चिकटलेला आहे. टीपीबीआय सुमारे २.७, म्हणजे तोही काठावरच. द्रावणातला ८५ टक्के आकडा इथे उपयोगाचा नाही, कारण द्रावणात तुमच्या रेणूला असे शेजारी नव्हते.

पुढची कामे याच क्रमाने करा. क्वार्ट्झवर ३० नॅनोमीटरचा सीबीपी अधिक १० टक्के रेणू असा थर बसवा आणि नायट्रोजनमध्ये क्वांटम यील्ड मोजा. शेजारी एमसीपी या दुसऱ्या होस्टमधला तसाच थर ठेवा, त्याचा ट्रिपलेट २.९ च्या आसपास आहे. एमसीपीत यील्ड ७० टक्क्यांच्या वर आणि सीबीपीत ३० च्या खाली आले तर दोषी सापडला. मग साधन असे बांधा : आयटीओ, १० नॅनोमीटर मॉलिब्डेनम ऑक्साइड, ३० नॅनोमीटर एनपीबी, १० नॅनोमीटर टीसीटीए (हाही होलवाहक), १० नॅनोमीटर एमसीपी, २५ नॅनोमीटर उत्सर्जक थर, ४० नॅनोमीटर इलेक्ट्रॉनवाहक, १ नॅनोमीटर लिथियम फ्लुओराइड, १०० नॅनोमीटर ॲल्युमिनियम. इलेक्ट्रॉनवाहकाच्या बाजूलाही उत्सर्जक थराला लागून ५ ते १० नॅनोमीटरचा उच्च ट्रिपलेटचा थर द्या. डीपीईपीओ हा पदार्थ इथे आणि होस्ट म्हणूनही चालतो, कार्यक्षमता चांगली दाखवतो, पण तो फार लवकर मोडतो. आयुष्याच्या चाचणीसाठी तो वापरू नका.

थर बसवताना निर्वात १०⁻⁶ टॉरपेक्षा चांगला हवा. सेंद्रिय पदार्थ सेकंदाला १ अँगस्ट्रॉम (०.१ नॅनोमीटर), डोपंट त्याच्या दहाव्या हिश्शाने. लिथियम फ्लुओराइड ०.१ अँगस्ट्रॉम, आणि इथे घाई बिलकूल नको, कारण १ ऐवजी ३ नॅनोमीटर पडले तर तोच थर विद्युतरोधक होतो. ॲल्युमिनियमची सुरुवात सावकाश करा, पहिले १० नॅनोमीटर झाले की वेग ३ ते ५ अँगस्ट्रॉमवर न्या. जाडी मोजणाऱ्या दोन्ही क्वार्ट्झ क्रिस्टलचे टूलिंग गुणक (काचेवरची जाडी आणि क्रिस्टलवरची जाडी यांचे गुणोत्तर) आधी प्रोफायलोमीटरने जुळवून घ्या. १० टक्के समजून ३ टक्केच डोपंट पडलेला असतो आणि दोष रेणूला दिला जातो, असे वारंवार घडते.

मग साधनाचा वर्णपट नीट पाहा. ४४० नॅनोमीटरजवळ खांदा दिसला तर इलेक्ट्रॉन एनपीबीपर्यंत गळत आहेत. वर्णपट थराच्या फ्लुओरेसन्सपेक्षा रुंद आणि लालकडे सरकलेला असेल तर दोन थरांच्या सीमेवर एक्सिप्लेक्स, म्हणजे दोन वेगळ्या रेणूंचे मिळून उत्तेजित जोडपे, तयार होतो आहे, तिथला एक पदार्थ बदला. प्रकाश सुरू होण्याआधीच, १-२ व्होल्टला, प्रवाह वाहत असेल तर गळती धूळ किंवा आयटीओच्या टोकदार उंचवट्यांची आहे. त्यासाठी काच साबणाच्या पाण्यात, शुद्ध पाण्यात, ॲसिटोनमध्ये आणि आयसोप्रोपॅनॉलमध्ये प्रत्येकी १५ मिनिटे अल्ट्रासॉनिकमध्ये धुवा, नायट्रोजनने वाळवा, २० मिनिटे यूव्ही-ओझोन द्या आणि लगेच चेंबरमध्ये घाला.

समतोल तपासायला एकाच फेरीत इलेक्ट्रॉनवाहकाची जाडी ३०, ४०, ५० आणि ६० नॅनोमीटर घ्या. आणि मोजमापात काचेच्या कडेतून येणारा प्रकाश काळ्या पट्टीने झाका, नाहीतर आकडा फुगतो आणि शोधनिबंध परत येतो.

प्रश्न : आमच्या साधनांवर दुसऱ्या दिवशी काळे ठिपके येतात आणि पिक्सेल कडेने आकसतो. पावसाळ्यात हे फार वाढते. (प्रयोगशाळा सहायक, मुंबई)

दोन वेगळे दोष आहेत, दोन्हींचे मूळ पाण्यात. कॅथोडखाली धुळीचा कण असेल तर त्याच्याभोवती सूक्ष्म छिद्र राहते. त्यातून पाणी शिरते, ॲल्युमिनियम आणि सेंद्रिय थराच्या सीमेवर धातूचे ऑक्सिडेशन होते, हायड्रोजन सुटतो आणि कॅथोड फुगून सुटा होतो. तिथे इलेक्ट्रॉन जाणेच थांबते, म्हणून गोल काळा ठिपका. कडेने आकसणे म्हणजे पाणी सीलमधून किंवा कॅथोडच्या कडेखालून आडवे येते आहे.

खात्रीसाठी ३६५ नॅनोमीटरच्या यूव्ही टॉर्चने पाहा. ठिपक्याच्या जागी थर यूव्हीखाली चमकत असेल तर सेंद्रिय पदार्थ शाबूत आहे, दोष कॅथोडच्या सीमेवर आहे. तिथेही अंधार असेल तर पदार्थच मोडला आहे. दुसरी खूण : प्रवाह न देता नुसते ठेवलेल्या साधनावरही ठिपके वाढत असतील तर कारण ओलावाच.

बाष्पीभवनाचे चेंबर ग्लोव्हबॉक्सला (कोरड्या नायट्रोजनच्या बंद पेटीला) जोडलेले नसेल तर मुंबईच्या जुलैत नुसत्या हवेतून साधन नेण्याची ती दोन मिनिटेही महाग पडतात. नायट्रोजन भरलेली बंद डबी वापरा. ग्लोव्हबॉक्समध्ये पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही १ पीपीएमखाली हवेत. काचेच्या झाकणात आतून कॅल्शियम ऑक्साइडचा शोषक चिकटवा आणि तो आदल्या दिवशी तापवून कोरडा करून ठेवा. यूव्ही इपॉक्सीची पट्टी किमान ३ मिलिमीटर रुंद द्या, १ मिलिमीटरच्या पट्टीतून पाणी फार लवकर आत पोहोचते. इपॉक्सी पक्की करताना पिक्सेलवर ॲल्युमिनियम फॉइलचा मुखवटा ठेवा, नाहीतर यूव्हीने उत्सर्जकच खराब होतो.

लवचीक साधन करायचे असेल तर गणित फार कडक आहे. आवरणातून दिवसाला, चौरस मीटरमागे एक दशलक्षांश ग्रॅमपेक्षा जास्त पाणी जाता कामा नये. साधी पीईटी फिल्म त्याच्या लाखो पटींनी पाणी सोडते. म्हणूनच उद्योगात सिलिकॉन नायट्राइडसारखे अकार्बनी आणि पॉलिमरचे थर आलटून पालटून देतात. एका थरातले छिद्र दुसऱ्यातल्या छिद्रासमोर येत नाही आणि पाण्याची वाट लांबते.

प्रश्न : चंद्रपूरच्या उन्हाळ्यात गाडीतली ओएलईडी टिकेल का? (एक वाचक, चंद्रपूर)

चांगल्या पदार्थांची असेल तर टिकेल. बाहेर ४६ अंश असताना बंद गाडीत ७० अंशांच्या वर तापमान जाते. सेंद्रिय थर काचेसारखे अस्फटिक असतात आणि ठरावीक तापमानाच्या वर रेणू हलू लागतात, स्फटिक बनतात, थर फाटतो. सुरुवातीच्या काळात वापरला जाणारा टीपीडी सुमारे ६५ अंशांना मऊ होत असे. एनपीबी ९५ अंशांपर्यंत ठीक. टीसीटीए १५० च्या आसपास. गाडीसाठी प्रत्येक थराचा हा आकडा १२० च्या वर असावा, कारण साधन चालू असताना आतले तापमान बाहेरच्यापेक्षा जास्त असते. एकच थर कच्चा असला तरी सगळे साधन त्याच्याबरोबर जाते.

प्रश्न : आम्ही कार्बाझोलची मध्यवर्ती संयुगे ९९.५ टक्के शुद्धतेची बनवतो. औषधउद्योगाला ती चालतात, पण ओएलईडीसाठी घेणारे ग्राहक नाकारतात. एवढ्या अर्ध्या टक्क्याने काय बिघडते? (रसायनतज्ज्ञ, अंबरनाथ)

हजारात एक रेणू अशुद्ध असला तर दर १० नॅनोमीटरच्या घनात एक सापळा आला, कारण एक रेणू साधारण १ नॅनोमीटरचा. ट्रिपलेट एवढे अंतर सहज भटकतो. म्हणजे ०.१ टक्का अशुद्धीही जवळजवळ प्रत्येक एक्सायटॉनच्या वाटेत येते. अर्धा टक्का तर पाचपट.

काय शोधायचे ते आधी ठरवा. पॅलेडियम वापरून जोडणी केली असेल तर धातूचे अंश उरतात. ते एचपीएलसीत (द्रावणातले घटक वेगळे करून मोजण्याच्या पद्धतीत) दिसत नाहीत, आयसीपी-एमएसने (धातूंचे सूक्ष्म अंश मोजणाऱ्या यंत्राने) पाहावे लागतात. सर्वांत घातक म्हणजे अभिक्रिया न झालेला ब्रोमो किंवा क्लोरो गट. कार्बन-ब्रोमीन बंध साधनात सहज तुटतो आणि त्याचे तुकडे इतरांना मोडतात. दहा-वीस पीपीएम हॅलोजनही (ब्रोमीन, क्लोरीनही) आयुष्य निम्म्यावर आणू शकते, म्हणून नमुना जाळून आयन क्रोमॅटोग्राफीने हॅलोजन मोजा. कार्बाझोलच्या बाबतीत आणखी एक छुपा शत्रू आहे : बाजारातल्या कार्बाझोलमध्ये बेंझो-इंडोल हा समघटक थोड्या प्रमाणात असतो आणि तो कार्बाझोलबरोबरच अभिक्रियेतून पुढे सरकतो. त्याचा रेणुभार तोच, गुणधर्म जवळचे, म्हणून स्फटिकीकरणाने तो निघत नाही. शेवटच्या पायरीवर हातपाय मारण्यापेक्षा कच्चा मालच तपासून घ्या किंवा कार्बाझोल स्वतः बनवा. एचपीएलसी एकाच तरंगलांबीवर पाहून समाधान मानू नका.

अंतिम शुद्धीकरण संप्लवनाने होते. क्वार्ट्झच्या लांब नळीत तीन तापमानांचे पट्टे, निर्वात १०⁻⁵ टॉरपेक्षा चांगला. तापमान तासाला १० ते २० अंशांनी चढवा आणि पदार्थ उडू लागेल त्या किमान तापमानावर थांबा. घाईने तापवले तर पदार्थ उडण्याऐवजी मोडतो आणि आपणच नवी अशुद्धी तयार करतो. पहिले आलेले पाच-दहा टक्के आणि तळाशी उरलेले टाकून द्या, मधला भाग घ्या. हे दोन-तीनदा. मग बाष्पीभवनाच्या तापमानावर पदार्थ निर्वात बंद नळीत १०० तास ठेवून पुन्हा एचपीएलसी करा. शुद्धता घसरली तर तो पदार्थ ग्राहकाच्या यंत्रात टिकणार नाही. ही चाचणी स्वतःहून करून अहवाल सोबत पाठवणाऱ्याला ग्राहक वेगळ्या नजरेने पाहतो.

प्रश्न : '१ लाख तास आयुष्य' असे दावे वाचतो. ते मोजतात कसे? (अभियंता, बेंगळुरू)

जास्त प्रखरतेवर लवकर झिजवून मोजतात आणि मग मागे हिशेब करतात. सुरुवातीच्या प्रखरतेचा 'एन'वा घात गुणिले आयुष्य हा गुणाकार स्थिर राहतो असे धरतात. 'एन' बहुधा १.५ ते २.

समजा ५,००० निट्सवर (निट हे प्रखरतेचे एकक) प्रकाश निम्मा व्हायला २०० तास लागले. १०० निट्सवर आयुष्य किती? 'एन' १.५ धरला तर सुमारे ७०,७०० तास, १.७ धरला तर दीड लाख, २ धरला तर ५ लाख. साधन तेच, मोजमाप तेच. म्हणून 'एन' किमान तीन प्रखरतांवर प्रत्यक्ष मोजलेला असल्याशिवाय असा आकडा मानू नका. नाशिकच्या वाचकांना दिलेला १.८ पटीचा आकडाही १.७ धरूनच काढला आहे.

सुरुवातीची प्रखरता कोणती आणि निम्मा प्रकाश धरला की ९५ टक्के, हेही विचारा. दिव्याला ७० टक्के चालतील, पण पडद्यावर शेजारच्या पिक्सेलमध्ये दोन-तीन टक्के फरक पडला तरी डोळ्याला दिसतो, म्हणून पडद्यासाठी ९५ टक्क्यांचाच आकडा खरा. स्थिर प्रवाह, स्थिर तापमान, आणि व्होल्टेज किती चढले त्याची नोंद हवी. प्रकाश टिकला पण व्होल्टेज २ व्होल्टने चढले तर साधन आतून बिघडते आहे.

प्रश्न : ड्युटेरियम घातल्याने आयुष्य खरेच वाढते? (वाचक, ठाणे)

हो, पण जिथे कार्बन-हायड्रोजन बंध तुटणे हे मरणाचे कारण असते तिथेच. ड्युटेरियम दुप्पट जड, म्हणून त्या बंधाची किमान कंपनऊर्जा सुमारे ०.०५ इलेक्ट्रॉनव्होल्टने खाली जाते आणि तो तुटायला तेवढी जास्त ऊर्जा लागते. आकडा लहान वाटतो, पण खोलीच्या तापमानाला अभिक्रियेचा वेग कित्येक पटींनी मंदावू शकतो. कार्बन-नायट्रोजन बंध तुटत असेल तर फायदा थोडाच. एलजी डिस्प्लेच्या २०२२ पासूनच्या टीव्ही पॅनेलमध्ये ड्युटेरियमयुक्त पदार्थ आहेत. भारत जड पाण्याच्या मोठ्या उत्पादकांपैकी एक आहे आणि रायगड जिल्ह्यात थळला त्याचा कारखाना आहे. कच्चा माल दाराशी असताना ड्युटेरियमयुक्त रेणू बनवण्याचे काम महाराष्ट्रातल्या रसायनउद्योगाने मनावर घ्यायला हवे, असे आम्हाला मनापासून वाटते.

प्रश्न : निर्वात यंत्राशिवाय कनिष्ठ महाविद्यालयात सेंद्रिय रेणूंपासून प्रकाश दाखवता येईल का? (विज्ञान शिक्षिका, सातारा)

येईल. याला काटेकोरपणे प्रकाशउत्सर्जक विद्युत-रासायनिक घट म्हणतात, पण इलेक्ट्रॉन-होलची गाठ आणि प्रकाश तोच. रुथेनियम-ट्रिस-बायपिरिडीनचे हेक्साफ्लुओरोफॉस्फेट लवण ॲसिटोनायट्राइलमध्ये मिलिलिटरमागे ४० मिलिग्रॅम विरघळवा आणि ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा. वर सांगितल्याप्रमाणे स्वच्छ केलेल्या आयटीओ काचेवर दोन-तीन थेंब टाकून मिनिटाला १,५०० फेऱ्यांनी फिरवा. स्पिन कोटर नसेल तर मोटरच्या लहान पंख्याच्या मधोमध काच चिकटवूनही जमते. काच ८० अंशांवर तासभर वाळवा. त्यावर गॅलियम-इंडियम मिश्रधातूचा छोटा थेंब ठेवा. तो खोलीच्या तापमानाला द्रवच असतो. आयटीओला धन, थेंबाला ऋण असे ३ व्होल्ट द्या आणि काचेच्या बाजूने अंधारात पाहा.

प्रकाश लगेच येत नाही. आयनांना इलेक्ट्रोडपर्यंत सरकायला काही सेकंद ते काही मिनिटे लागतात, म्हणून व्होल्टेज घाईने वाढवू नका. ५ व्होल्टच्या वर थर जळतो. ॲसिटोनायट्राइल ज्वलनशील आणि विषारी आहे : फ्यूम हुडमध्ये, हातमोजे घालून, आणि द्रावण बनवण्याचे काम शिक्षकांनीच करावे. गॅलियमचा थेंब ॲल्युमिनियमच्या पट्टीवर किंवा दागिन्यांवर सांडू देऊ नका, तो धातूत शिरून त्याला ठिसूळ करतो.

नारिंगी-लाल प्रकाश दिसेल आणि हवेत थोड्याच वेळात मंदावेल. पाणी रुथेनियमच्या रेणूवरचा एक बायपिरिडीन हटवून स्वतः बसते आणि तयार झालेले संयुग उरलेल्यांचा प्रकाश विझवते. दोन घट एकाच वेळी बनवा, एकावर इपॉक्सीने काच चिकटवा, दुसरा उघडा ठेवा, आणि दोन्हींचा प्रकाश दर दोन मिनिटांनी मोबाइलच्या लक्समीटर ॲपने मोजून आलेख काढायला मुलांना सांगा.